पाचही ऑइल बघ

दापोली,
३ जून

प्रिय मुक्ता,


जुनी जिप्सी किंग घेतलीस आणि देखभाल घरीच करायची म्हणतेस, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात इंजिनाबद्दल दोन पानं आहेत आणि गाडीच्या पोटाखाली काय चाललंय याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

१३०० सीसीचं ते पेट्रोल इंजिन बोलकं आहे. काही बिनसलं की धूर सोडेल, अडखळेल, तुला उठून बघायलाच लावेल. पुढचा ॲक्सल मुका असतो. डांबरी रस्त्यावर त्याला गाडी ओढायचं काम नाही, आणि बिनकामाच्या भागाकडे कोणी वाकून बघत नाही. जुनी फोर बाय फोर वापराने झिजते त्यापेक्षा विसरल्याने जास्त खराब होते.

तुझ्या गाडीत पाच ठिकाणचं ऑइल बदलायचं असतं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. विकणारा ‘ऑइल बदललंय’ म्हणाला असेल, तर ते इंजिनाचं समज. बाकीची चार तूच बदल. मात्र खालचा बोल्ट सोडण्याआधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सुटतोय का, हे बघ. तो अनेकदा गंजून बसलेला असतो. खालून ऑइल सांडलं आणि वरचा हललाच नाही, तर गाडी अंगणातच अडकली. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं. गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना तेच मानवेल असं नाही, म्हणून तिथे मॅन्युअलमध्ये छापलेलाच ग्रेड घाल.

निघालेलं ऑइल लगेच फेकू नकोस, दोन बोटांत चोळून बघ. बारीक राखाडी लगदा चालतो, टोचणारे कण चालत नाहीत. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. त्याचं कारण सोपं आहे. धावून तापलेला ॲक्सल ओढ्यात शिरला की झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा ब्रीदर चोंदलेला किंवा त्याची नळी तुटकी असेल, तर सिलाच्या फटीतून नाहीतर त्या नळीतून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ करून त्याची नळी उंचावर नेऊन बांधायला फार खर्च नाही, आणि पावसाळ्याआधी करायचं पहिलं काम तेच.

मग ग्रीस गन घेऊन खाली शीर. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते, त्यामुळे शाफ्ट तीन आणि जॉइंटचे क्रॉस सहा. मागच्या शाफ्टला सगळे ग्रीस मारतात, पुढचा कोरडा राहतो. जिथे निपल आहे, तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाब. पाण्यातून गाडी काढली की पुन्हा एकदा.

स्टिअरिंग ताशी साठच्या आसपास थरथरतं म्हणतेस. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करून घेतलंस तरी राहिलं, तर पुढचं चाक उचलून वर-खाली हलवून बघ. खेळ जाणवला की कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिनचं. एवढं घरी कळलं, तर गॅरेजमध्ये नेमकं काय बोलायचं ते तुझ्या हातात राहतं.

गाडी उचलताना नुसत्या जॅकवर विसंबून खाली जायचं नाही. सपाट जागा, चाकाला दोन्हीकडून दगड, ॲक्सलखाली घोड्या. आणि ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला नाही ना, ते बघ. तो न्यूट्रलला असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलीस तरी चाकं मोकळीच असतात.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट. महिन्यातून एकदा चिखल किंवा मऊ माती गाठ आणि ट्रान्सफरच्या दांड्याने फोर-एच, मग थांबून फोर-एल लाव. पुढच्या हबवर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ असेल तर ते आधी लॉक कर. थोडं चालवलं की पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल सगळीकडे फिरतं, दांडा आखडत नाही. पण कोरड्या डांबरावर हे कधीच नको. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक सामावून घेणारं काही ट्रान्सफर केसमध्ये नाही. मग शाफ्टला पीळ बसतो, टायर घासतात, दांडा सुटता सुटत नाही. चारही टायर एकाच मापाचे हवेत, तेही यासाठीच.

समुद्रावर नेलीस तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धू. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ चेसिसवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. नोंदणीची १५ वर्षं संपली की फिटनेस लागेल, तेव्हा गंज रंगाखाली लपणार नाही. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनची बसवणी मात्र घरी करू नकोस. तिथे शतांश मिलिमीटरचा हिशेब असतो आणि मापायला डायल गेज लागतं.

पुढच्या पत्रात गाडीचा फोटो नको पाठवूस. पाचही ऑइलचे रंग लिही आणि पुढच्या डिफरन्शियलचा वरचा बोल्ट सुटला का, ते कळव.

तुझी,
आत्या