चहा, लॅपटॉप आणि आत्या

आपल्या वस्तीतल्या घराघरांत आता लॅपटॉप आला आहे. कुणी पतपेढीचे कर्ज काढून घेतला, कुणाला थोरल्या भावाने बोनसमधून घेऊन दिला, कुणी लॅमिंग्टन रोडवरून जुनाच उचलून आणला. पण लॅपटॉप आला म्हणून घर काही मोठे झाले नाही. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात मोरी, तिच्याशेजारी ओटा, ओट्याखाली सिलिंडर, समोर कॉट आणि कॉटवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी. लॅपटॉपजवळ खाणेपिणे ठेवू नये, असे त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते. ते लिहिणाऱ्याच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली असणार. आमच्याकडे अभ्यास जिथे, चहाही तिथेच, आणि पावसाळ्यात पत्र्यातून गळणारे पाणीही तिथेच. तेव्हा भगिनींनो, जे आमच्या घरी घडले ते उद्या कुणाच्याही घरी घडू शकते, म्हणून हे लिहीत आहे.

माझी मुलगी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रबंधाचा विषय आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया बाबासाहेबांवर ज्या ओव्या आणि गाणी म्हणतात, तो. सात महिने ती घरोघर फिरली. तेवीस बायांचे आवाज तिने टिपून घेतले. त्यातल्या एक बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा आवाज आता फक्त त्या लॅपटॉपमध्ये होता. प्रबंध द्यायला एकोणीस दिवस उरले होते.

रात्रीचे अकरा वाजले असतील. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, नातीसाठी चहा घेऊन आल्या. पोरगी जागून अभ्यास करते म्हणून दुधा-साखरेचा, आले घालून केलेला चहा. कॉटच्या कडेला चार्जरची वायर लोंबत होती. तिच्यात पाय अडकला आणि अख्खा कप की-बोर्डवर सांडला. आत्यांनी घाबरून पदराने पुसायला हात पुढे केला, तशी मुलगी ओरडली, "आजी, हात नको लावूस!"

मी आधी चार्जर भिंतीतून उपटला आणि चालू-बंदचे बटन दाबून धरले, पडदा काळा होईपर्यंत. मी दवाखान्यात आया म्हणून काम करते. यंत्रावर सलाईन सांडले की सिस्टर प्रथम प्लग काढतात आणि मग पुसतात, हे वीस वर्षे पाहिलेले आहे. नंतर लॅपटॉप उघडाच ठेवून, वाचता वाचता पालथे टाकलेले पुस्तक असते तसा, टॉवेलवर पालथा केला. चहा ठिबकत राहिला. मुलीला एकच घाई, "एकदा चालू करून बघू दे, फाइल आहे का तेवढं बघते." तेवढे मात्र मी करू दिले नाही.

सकाळी चाळीत बातमी पसरली. एका शेजारणीने सांगितले, नजर लागली, दाराला लिंबू-मिरची बांधा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू-मिरची बांधायची का, एवढेच मी तिला विचारले. पण दुसरी शिकलेली होती. ती म्हणाली, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, तांदूळ पाणी ओढून घेतो, मोबाइलवर सगळे तेच सांगतात. आता भगवंतांनी कालामांना जे सांगितले ते आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो, की पुष्कळ लोक म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मानू नका, पारखून घ्या. ते काय फक्त भटजीच्या गोष्टींपुरतेच आहे? झाकलेल्या यंत्राच्या पोटातला ओलावा बाहेरचा तांदूळ कसा ओढणार? शिवाय चहातले पाणी एक वेळ उडून जाईल, साखर कुठे उडून जाते? तांदळाचा भुसा फटीतून आत जातो तो वेगळाच. केस वाळवायच्या यंत्राचा सल्लाही मिळाला. त्याच्या गरम झोताने पाणी आणखी आत ढकलले जाते आणि की-बोर्डचे प्लास्टिक वाकते.

कंपनीच्या सेवा केंद्रात आम्ही गेलो. तिथल्या मुलाने खालचे झाकण उघडले, आतला एक छोटा पांढरा कागद लाल झालेला दाखवला आणि म्हणाला, द्रव आत गेला आहे, वॉरंटी लागू नाही. त्यात खोटे काही नव्हते. साध्या वॉरंटीत सांडलेला चहा धरत नाहीत. अपघाताचे संरक्षण निराळे पैसे भरून घ्यावे लागते, आणि ते विकत घेतानाच विचारायचे असते. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल, सव्वीस हजार रुपये, आठ-दहा दिवस, आणि आतली माहिती पुसली गेल्यास आम्ही जबाबदार नाही, इथे सही करा. लॅपटॉप अडतीस हजारांचा होता. मी सही केली नाही. मुलगी जिन्यातच रडू लागली.

त्या दिवशी घरी कुणी धड जेवले नाही. आमचे मिस्टर मुलीला समजावू लागले, की १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले तेव्हा त्यांनी पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती, महायुद्धात पाणबुडीने ती बोट बुडवली, जमवलेली सगळी पुस्तके समुद्राच्या तळाला गेली. तरी १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि पुढे डी.एस्सी. झालेच. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह नव्हता. माझ्याकडे होता." यावर ते काय बोलणार!

आमच्याच वस्तीत आय.टी.आय. केलेला एक मुलगा मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, सांडल्यानंतर कुणी चालू केला होता का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्याने स्क्रू काढले, प्रथम बॅटरीची वायर सोडवली आणि भिंगाखाली आतली पाटी दाखवली. एका कोपऱ्यात तपकिरी चिकट थर होता आणि एका जागी तांब्यावर हिरवट डाग पडायला लागला होता. तो म्हणाला, नुसते पाणी यंत्राला मारत नाही. ओलाव्यात वीज खेळत राहिली की धातू झिजतो आणि हा हिरवा थर चढतो. म्हणून बंद करणे हेच पहिले औषध. दूध-साखरेचा थर वाळला तरी हवेतला ओलावा धरून ठेवतो. आज चालू झालेले यंत्र महिन्याने बसते ते यामुळेच. मग लोक म्हणतात, चांगले चालत होते, अचानक काय झाले!

त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ती पाटी धुतली. हे दवाखान्यातल्यासारखेच स्पिरिट, पण त्यात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे ते मळ सोडवते आणि लगेच उडून जाते. की-बोर्ड मात्र गेला होता, तो बदलायचा ठरला. पण त्याआधी त्याने जे केले त्यासाठी मी त्याची कायम ऋणी आहे. बोटाएवढी एक पट्टी त्याने लॅपटॉपमधून काढली. तिला एसएसडी म्हणतात, सगळी माहिती तिच्यात असते. ती एका छोट्या डबीत घालून त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर तेवीस नावे ओळीने आली. मुलीने त्या वारलेल्या बाईंच्या नावावर दाबले आणि आवाज आला. लॅपटॉप मेला तरी आतली माहिती पुष्कळदा जिवंत असते, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. काही पातळ लॅपटॉपमध्ये ही पट्टी पाटीवरच डाग दिलेली असते, तिथे हे इतके सोपे नाही. विकत घेताना हेही विचारावे.

साफसफाई आणि की-बोर्ड मिळून साडेचार हजार रुपये झाले. तेही आम्हाला जडच गेले.

पण माझ्या मनात घर करून बसली ती दुसरीच गोष्ट. त्या रात्रीपासून आत्या कॉटजवळ येईनाशा झाल्या. नातीचे ताट ओट्यावर ठेवायच्या आणि मागे सरायच्या. केर काढताना लॅपटॉपच्या पिशवीला वळसा घालायच्या. "मी अडाणी बाई, माझ्या हाताला यश नाही," एवढेच म्हणायच्या. मुलीने घाबरून काढलेले ते शब्द. तिच्या मनात काहीच नव्हते. पण आत्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वेगळे ठेवलेले असत. चहा वरून ओतत. पिऊन झाल्यावर आपला कप आपण विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा, आणि दुसऱ्या कपाकडे हात गेला की हेच शब्द कानावर यायचे. हात लावू नको. ते त्यांनीच मला कधीतरी सांगितले होते. त्या दगडखाणीत खडी फोडून मुलांना शिकवणाऱ्या बाई. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीच्या पुस्तकयंत्राला हात लावायला भिऊ लागल्या. अडतीस हजारांच्या वस्तूने घरात असला विटाळ आणायचा असेल तर ती वस्तू न आलेली बरी, असे मी मुलीला स्पष्ट सांगितले. ती काही बोलली नाही. तिला ते लागले.

लॅपटॉप घरी आला त्या रात्री ती आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी, ही लांब पट्टी दाब." आत्या नको नको म्हणत होत्या. "दाब गं, काही होत नाही." आत्यांनी दोनदा पदराला बोट पुसले आणि दाबले. त्यांच्याच वारलेल्या मैत्रिणीचा आवाज आला. दोघींनी एकत्र खडी फोडली होती. ओवी संपल्यावर आत्या म्हणाल्या, हिने मधली एक ओळ गाळली. आणि त्यांनी ती म्हणून दाखवली. मुलीने तीही टिपून घेतली.

आता सगळ्या आवाजांच्या दोन प्रती आहेत, एक पेन ड्राइव्हमध्ये आणि दुसरी कल्याणला नणंदेच्या घरी. एकाच छपराखाली दोन प्रती ठेवल्या तर गळके छप्पर दोन्हींना भिजवील. चार्जरची वायर आमच्या मिस्टरांनी खिळे मारून भिंतीकडेने नेली आहे. चहा अजूनही कॉटवरच होतो, दुसरी जागा कुठून आणू? फक्त कपाऐवजी झाकणाचा स्टीलचा डबा आणला आहे. आत्याच तो भरून देतात.

प्रबंध वेळेवर दिला. पतपेढीचे अकरा हप्ते बाकी आहेत. लॅपटॉपची डावीकडची पिन लावायची जागा गेली ती गेलीच. पेन ड्राइव्ह आता उजवीकडे लावावा लागतो.