टर्बोच्या गाडीला घरी पार्ट बसवताना

उसाला पाणी चालू आहे, खोडवा बरा आहे, हुमणीचं पुढच्या नोंदीत लिहितो. आज गाडीचं. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरवर लिहिलं तेव्हा बऱ्याच पोरांनी विचारलं होतं की टर्बो कारला बाहेरचे पार्ट घरी बसवता येतात का. येतात. मागच्या रविवारी आमच्या शेडात तेच चाललं होतं.

पुतण्या पुण्यात कामाला आहे. उसाच्या बिलातला त्याचा वाटा आणि थोडं कर्ज मिळून त्यानं 2014 ची जुनी स्विफ्ट डिझेल घेतली. 1248 सीसी, 75 पीएस. हे इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट, टाटाच्या गाड्यांतही आलेलं. त्यामुळं तालुक्याच्या गावातही सामान मिळतं आणि हात लावलेला मिस्त्रीही सापडतो. पण शनिवारी घरी येताना खंबाटकीच्या चढाला गाडी दम धरत नाही, ही त्याची तक्रार. म्हणून त्यानं मोबाइलवरून चार वस्तू मागवल्या: उघडा कोन फिल्टर, इंटरकूलरचा सिलिकॉन पाइप, बूस्टचा काटा आणि एक ट्युनिंग बॉक्स. "आण्णा, तासाभराचं काम आहे," म्हणाला. घरात चारचाकी ही एकच. आईला रात्री सांगलीला दवाखान्यात न्यायची वेळ वर्षात दोनदा आली, ती याच गाडीतून. त्यामुळं मी म्हणालो, चारही वस्तू एकदम नाही बसवायच्या. एकेक लाव, एकेक चालवून बघ.

पहिला लावला काटा. ताकद वाढवत नाही म्हणून पोरं तो शेवटी ठेवतात, पण विहिरीतलं पाणी मोजल्याशिवाय मोटार कुणी घेतं का? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बूस्टच्या बारीक नळीत टी जोड टाकला, नळी गरम भागापासून लांब बांधली. हायवेला लागलो. चौथ्या गिअरला पाय दाबला की काटा आळसटल्यासारखा चढायचा आणि बॉनेटमधून बारीक फुसफुस यायची. ठिबकची लॅटरल फुटल्यावर येते ना, तशीच.

टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. एवढ्याशा गाडीत ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर. वाटेत कुठंही हवा गळली, की टर्बोची मेहनत वाया आणि डिझेल अर्धवट जळून काळा धूर.

गळती शोधायला आम्ही जे केलं ते लिहून ठेवतो. पाइपलाइनच्या सामानातला 63 एमएमचा पीव्हीसी तुकडा, त्याला एंड कॅप, कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. फिल्टरच्या डब्यातून निघणारा रबरी पाइप सोडवून त्यात हा तुकडा क्लिपनं आवळला. क्रँककेसच्या वाफेची नळी याच पाइपला येऊन मिळते. ती काढून तोंड बंद करायचं, नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात शिरून सील उचकटतील. इंजिन बंद आणि थंड. सायकलच्या पंपानं 10 पीएसआयपर्यंतच हवा, जास्त नाही. कॅप दोरीनं बांधलेली आणि तोंड तिच्यासमोर कुणाचंच नाही, कारण सुटली तर गोफणीच्या दगडासारखी येते. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. खालच्या इंटरकूलर पाइपला बुडबुड्यांचा फेसच आला. तिथं तेलकट धूळही चिकटली होती. आधीच्या मालकानं कुठलीतरी लहान क्लिप तिरकी आवळून रबर कापलं होतं.

म्हणजे सिलिकॉन पाइप नशिबानं कामाचाच मागवलेला. मात्र तो आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेलाच हवा. टर्बोच्या हवेत तेलाची वाफ असते आणि साधं सिलिकॉन ती पीत पीत मऊ पडतं. दोन्ही तोंडं पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडी केली, पाइप कडेच्या उंचवट्यापलीकडं सरकवला, क्लिप त्या उंचवट्याच्या मागं घेतली. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नाही, लाकडी ओंडके लावले. पुन्हा हवा भरली, बुडबुडा नाही. पुन्हा हायवे. काटा आता पाय दाबताच उठला आणि पुतण्या काहीच बोलला नाही, नुसता हसला. एवढ्यावर चहा झाला.

कोन फिल्टरला मात्र मी साफ नाही म्हणालो. तो बॉनेटमधली तापलेली हवा ओढतो, ही एक गोष्ट. दुसरी आमच्या रस्त्याची. ऊसतोडीच्या दिवसांत शिवारातली वाट म्हणजे पिठाची गिरणी. ती बारीक माती टर्बोच्या पात्यांची धार खाते. कंपनीचा कागदी फिल्टर ती धूळ धरतो. तेल लावायचा फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं, तर ते एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि गाडी भलतीच वागते. नवा कागदी फिल्टर टाकला, काम झालं.

राहिला बॉक्स. तो रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि कॉम्प्युटरला सांगतो की दाब कमी आहे. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं. ऊस ओढायला ट्रॅक्टरचा पंप वाढवून आणतात, तोच प्रकार, फक्त पान्याऐवजी वायर. ताकद खरंच वाढते. पण उष्णता वाढते, टर्बोवर ताण येतो आणि 190 न्यूटन मीटरसाठी बनवलेला क्लच घसरायला लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, दर बदलामागं 5 हजार दंड किंवा कैदही होऊ शकते. विम्याला न सांगता केलं तर अपघातानंतर क्लेमची लढाई वेगळीच.

हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. दिवाळीनंतर आधी क्लच प्लेट टाकतो, मग बॉक्सचं बघतो, म्हणाला. मी म्हणालो, त्याआधी तेल दर खेपेला वेळेवर बदल आणि घाट चढून आलास की लगेच किल्ली फिरवू नकोस, मिनिटभर चालू राहू दे, टर्बो थंड होऊ दे. हे तो करतो, मी बघितलंय.

बॉक्स सध्या माळ्यावर बियाण्याच्या डब्याशेजारी आहे. गाडी त्याची, निर्णय त्याचा. एंड कॅपचं सामान मात्र मी माझ्याकडंच ठेवलंय. कुणाला गळती तपासायची असेल तर गाडी थंड करून आणा, सायकलचा पंप तुमचा.