तारेवरची नोंद

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. आवक-जावक नोंदवही, हजेरीपट आणि बिले यांत आमचा आठवडा जातो. रविवारी मात्र आम्ही वस्तीतील अभ्यासिकेत असतो. दर रविवारी एका मुलाने एका शास्त्रज्ञाची माहिती सांगायची, असा तेथला नियम आम्हीच घातलेला. गेल्या जूनमध्ये हा नियम आमच्याच अंगावर आला.

आमच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला होता. गुण चांगले होते. तिला विज्ञान शाखा हवी होती. आम्ही मात्र अकरावीच्या अर्जासाठी 'वाणिज्य' असे आधीच ठरवून टाकले होते. आम्ही स्वतः बी. कॉम. आमचे वडील गोदीत हमाली करीत. आम्ही दहावी झालो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले होते, "नोकरी लवकर कशानं लागंल?" आम्ही मनातली विज्ञानाची हौस गिळली आणि वाणिज्य शाखेत गेलो. नोकरी लागली, हेही खरे. म्हणून तोच रस्ता लेकीला दाखवला. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिची पाळी होती.

तिने जॉर्ज शार्पाक निवडला. १९२४ साली तेव्हाच्या पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. तो सात वर्षांचा असताना घरच्यांनी पॅरिसला बिऱ्हाड हलवले. पुढे जर्मन फौजांनी फ्रान्स घेतला. हा तरुण प्रतिकार चळवळीत उतरला. १९४३ साली पकडला गेला, १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत पाठवला गेला, आणि १९४५ साली छावणी मुक्त झाली तेव्हा जिवंत बाहेर आला. केवळ जन्मामुळे लाखो ज्यू मारले गेले, तो हा काळ. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

सुटल्यावर तो खाणकामाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, मग जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागला. १९५९ साली तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत आला. तेथे अणूहूनही लहान कण पकडायचे काम चाले. पण डोळ्यांना न दिसणारा कण पकडायचा कसा? तेव्हा त्याच्या मार्गाचे फोटो काढीत आणि माणसे बसून एकेक फोटो तपाशीत. काम संथ, आणि क्वचित घडणारी घटना हातून निसटे.

"पप्पा, आता तुमच्या कामाचं सांगते," असे म्हणून मुलगी फळ्याकडे वळली. शार्पाकने १९६८ साली एक चपटी पेटी केली. आत वायू भरला आणि काही मिलिमीटरच्या अंतराने केसासारख्या बारीक तारा ओळीने ताणल्या. त्यांना मोठा विद्युतदाब दिला. विद्युतभार असलेला कण वायूतून गेला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते जवळच्या तारेकडे धावतात, वाटेत आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि तारेवर विजेचा बारीक ठोका उमटतो. प्रत्येक तारेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर. तो ठोका मोठा करतो. यंत्राची स्वतःची खरखर असतेच. म्हणून ठरावीक मर्यादेखालचे ठोके गाळायचे आणि उरलेले संगणकाकडे पाठवायचे. कुठली तार, कुठली वेळ, एवढी नोंद झाली की कणाचा मार्ग कळतो. काम आधीच्या हजारपट वेगाने होऊ लागले.

गठ्ठ्यातून खरी नोंद वेगळी काढणे! आम्ही आयुष्यभर हेच करीत आलो. विज्ञान आपल्या घरापासून फार दूर आहे, ही समजूत त्या क्षणी आमच्या मनातून गेली.

१९९२ साली शार्पाकला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही एकट्याला. कमी किरणांत एक्स-रे काढता यावा म्हणून त्याने आपली विद्या वैद्यकाकडे वळवली. शिकागोच्या गरीब वस्त्यांतील शाळांत मुले स्वतः प्रयोग करून शिकताना त्याने पाहिली, आणि १९९६ साली सहकाऱ्यांसह फ्रान्सच्या प्राथमिक शाळांत तसाच उपक्रम सुरू केला. २०१० साली तो वारला.

माहिती संपली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी आमच्याकडे न बघता जागेवर जाऊन बसली.

त्या रात्री आम्ही अर्जात 'विज्ञान' भरले. तिची आई म्हणाली, "फीचं काय?" क्लासची फी, पुस्तके, जाण्यायेण्याचा खर्च, हा हिशेब अजून जुळलेला नाही. ओव्हरटाइम करतो आहोत. पतपेढीत कर्जाचा अर्ज दिला आहे.

बंधू-भगिनींनो, आमच्या वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या घरात पोटाची चिंता होती. पण वडिलांची भीती आम्ही लेकीच्या अर्जात उतरवणार होतो, ती चूक आमची. आपल्या घरातल्या मुलाला काय शिकायचे आहे, हे अर्ज भरण्याआधी एकदा त्याला विचारा. आवाज बारीक असेल. तो खरखर समजून गाळू नका.