पाट, काडीमोड आणि वेदीसमोरची शपथ

पेशवाईच्या महसुली कागदांत ‘पाटदाम’ नावाचा एक कर भेटतो. विधवेने किंवा नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीने दुसरा घरोबा केला की सरकारात भरावयाची ही रक्कम. आज हे वाचताना प्रथम राग येतो. मात्र त्या कराच्या पोटात एक साधी कबुली दडलेली आहे. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवते ती गोष्ट सर्रास घडत असते आणि सरकारला ती मान्यही असते.

जुन्नर आणि आंबेगाव ही कुकडी-घोडच्या खोऱ्यांतील कुणबी, महादेव कोळी, महार, माळी, धनगर यांची गावे. इथल्या बहुसंख्य घरांत स्त्रीचा दुसरा विवाह ही नवलाची बाब नव्हती. त्याला पाट म्हणत, कुठे मोहतूर म्हणत. नवराबायकोचे पटेनासे झाले तर पंचांसमोर काडी मोडून काडीमोड होई, सोडचिठ्ठी दिली जाई. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह १८२७ साली प्रसिद्ध केला. त्यात लग्न आणि पाट यांची नोंद वेगवेगळी आहे, आणि ते वेगळेपण महत्त्वाचे आहे.

पाट म्हणजे स्त्रीमुक्ती, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पाट रात्री लागे. त्याला मंगलविधीची प्रतिष्ठा नसे. लग्नाची बायको आणि पाटाची बायको यांच्या मानात अंतर असे. पैशाची देवाणघेवाण पुष्कळदा स्त्रीच्या डोक्यावरून होई. तरीही एक दार होते. ते बुटके होते, वाकून जावे लागे, पण उघडे होते.

अशा प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री येऊन स्थिरावले. नाशिक, मालेगाव, जुन्नर ही या अँग्लिकन संस्थेची पश्चिम भारतातील ठाणी. जुन्नरात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या नेहमीच अल्प राहिली, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण चार ओळींत आटोपते. परंतु त्यांनी सोबत आणलेली विवाहाची कल्पना लहान नव्हती.

तिचा गाभा असा. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम-हव्वेच्या कथेवरून विवाह म्हणजे एका पुरुषाचे एका स्त्रीशी होणारे पूर्ण ऐक्य, असे चर्च मानते. घटस्फोटाविषयी विचारले असता येशूने मोशेच्या सवलतीपेक्षा या मूळ कथेकडे बोट दाखवले. देवाने बांधलेले हे नाते माणसांच्या पंचायतीने मोडण्यासारखे नाही, असा त्याचा अर्थ चर्चने लावला. शरीरसंबंधाची जागा विवाहातच, आणि हा नियम पुरुषालाही तितकाच लागू. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर पत्नीच्या देहावर जसा पतीचा तसाच पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार सांगितला आहे. घरंदाज पुरुषाने नाटकशाळा ठेवावी आणि मुलीला खंडोबाची मुरळी म्हणून सोडावे, हे ज्या समाजात खपत होते तिथे पुरुषावर घातलेले हे बंधन खरोखर नवे होते.

विवाहाविषयी मिशनचे जे मराठी साहित्य आज आठवले जाते, त्याच्या मध्यभागी उच्चवर्णीय विधवा आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे ठळक उदाहरण. केशवपन, अलवण, अंधारी खोली, आणि मग ख्रिस्ती धर्मात मिळणारे नवे आयुष्य व पुनर्विवाह. त्या स्त्रियांसाठी हे वर्णन खोटे नव्हते. चर्चमध्ये जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा विवाह हा पूर्ण विवाहच असतो. त्याला दुय्यम नाव नाही, दुय्यम विधी नाही. ज्या घरात विधवेला काहीच नव्हते, तिथे हा बदल प्रचंड होता. कुणब्याच्या विधवेलाही यात मान मिळणार होता, कारण पाटाची बायको हा शिक्का पुसला जाणार होता.

परंतु नवऱ्याने टाकलेल्या किंवा मारझोडीला कंटाळून निघून आलेल्या स्त्रीचे काय? जातीत तिला काडीमोड होता. चर्चच्या नियमात काडीमोडाला जागा नव्हती. नवरा जिवंत असेतो दुसरा घरोबा म्हणजे व्यभिचार. एकच शिकवण अशा रीतीने ब्राह्मण विधवेच्या पायांतील बेडी सोडवत होती आणि त्याच तालुक्यातील कोळी किंवा महार स्त्रीचे मागचे दार बंद करत होती. सुधारणेचा इतिहास पुण्याच्या पेठांतून लिहिला की यातली पहिलीच बाजू दिसते.

पाद्र्यांना सर्वांत जड गेला तो दोन बायकांचा प्रश्न. दोन बायका असलेला शेतकरी बाप्तिस्मा मागू लागला तर? एकीला सोड म्हणावे, तर निरपराध स्त्रीला घराबाहेर काढण्याचे पाप चर्चच्या माथी. दोघींना ठेव म्हणावे, तर एकपत्नीत्वाची शिकवण पोकळ. हा पेच जुन्नरचा एकट्याचा नव्हता. पोप तिसरे पॉल यांनी १५३७मध्येच अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी निर्णय दिला होता की पहिली पत्नी ठेवावी, आणि पहिली कोण हे आठवत नसेल तर कोणती तरी एक निवडावी. ‘आठवत नसेल तर’ ही पुस्ती लिहिणाऱ्याला माणसांची बरीच ओळख असली पाहिजे. १८३४मध्ये कलकत्त्याच्या मिशनरी परिषदेने याहून मवाळ मार्ग सुचवला: धर्मांतरापूर्वीच्या सर्व पत्नी राहू द्याव्यात, मात्र अशा पुरुषाला चर्चमध्ये पद देऊ नये.

जुन्नरचे चर्च ज्या अँग्लिकन परंपरेतले, तिने कठोर बाजू घेतली. १८८८च्या लॅम्बेथ परिषदेत बिशपांनी ठरवले की अनेक पत्नी असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये. त्याला शिकवावे, थांबवून ठेवावे. त्याच्या पत्नींना मात्र काही परिस्थितीत बाप्तिस्मा देता येईल. म्हणजे दोन्ही सवती चर्चच्या आत आणि नवरा दाराबाहेर, असे दृश्य नियमाने शक्य झाले. कागदावर याची गंमत वाटते. पण ज्या घरात धाकटीची मुले अंगणात खेळत आहेत, त्या घरात तिला ‘सोडायची’ म्हणून वेगळे काढणे काय असेल, याचा विचार ठराव लिहिणाऱ्यांपेक्षा खेड्यातल्या पाद्र्याला अधिक करावा लागत असणार. पूर्वीची बहुपत्नी कुटुंबे काही अटींवर स्वीकारायला लॅम्बेथला १९८८ साल उजाडावे लागले.

दुसरा पेच याच्या उलट. नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. पौलाचा सल्ला असा की, श्रद्धा नसलेला जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये; तो स्वतःहून निघून गेला तर मात्र उरलेला बांधलेला नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या या सल्ल्याचा १८६६मध्ये हिंदुस्थानात कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारला तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे. कोर्टाने वर्षभर थांबावे. नंतरही नकारच असेल तर विवाह रद्द व्हावा आणि दोघेही पुनर्विवाहास मोकळे व्हावेत. कायदा काटेकोर होता, पण सोडून जाणारी ‘बायको’ अनेकदा बालवयात लग्न झालेली मुलगी असे आणि तिचा नकार तिच्या माहेरच्यांनी ठरवलेला असे.

या कायद्याचा आधार न घेतलेले मराठीतील सर्वांत प्रसिद्ध जोडपे म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई दुरावल्या, रडल्या, चिडल्या. काही वर्षांनी जवळ आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की पौलाचा पहिला सल्ला, म्हणजे थांबण्याचा, पाळणे हे दुसरा वापरण्यापेक्षा किती अवघड असते.

दरम्यान इंग्रजी न्यायालये हिंदूंच्या काडीमोडाकडेही संशयाने पाहू लागली होती. स्त्रीचा विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना तिला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीला अधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६मध्ये स्पष्ट केले. पेशव्यांनी ज्यावर कर घेतला, त्यातला काही भाग इंग्रजांच्या कोर्टात गुन्हा ठरला. आणि खुद्द ख्रिस्ती दांपत्यांना १८६९च्या घटस्फोट कायद्याने काय दिले? नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराखेरीज क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काहीतरी जोडून सिद्ध करावे लागे. दोघांच्या देहावर दोघांचा सारखा हक्क सांगणारा पौल या कलमात कुठेच सापडत नाही. ही विषमता १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नाकारली आणि संसदेने २००१मध्ये कायदा बदलला.

आता याच तालुक्यातील ओतूर. १८८०च्या दशकात इथले बाळाजी कुसाजी पाटील आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता लग्ने लावू लागले. दक्षिणेचा वंशपरंपरागत हक्क बुडाला म्हणून गावजोशांनी दावा ठोकला. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर पाटलांच्या बाजूने लागले. वरवर हा दक्षिणेचा तंटा. आतला प्रश्न मात्र युरोपातील चर्चने शतकानुशतके चघळलेला होता: विवाह घडतो कशाने, पुरोहिताच्या मंत्राने की वधूवरांच्या शब्दाने? मध्ययुगीन चर्चचे उत्तर होते, दोघांच्या संमतीने. लपूनछपून होणाऱ्या लग्नांना आळा घालण्यासाठी पाद्री आणि साक्षीदारांची सक्ती १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेने केली.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण साक्षीदारांसमोर परस्परांना वचन देणे म्हणजे विवाह, ही कल्पना त्यांना परकी नव्हती. त्यांनी १८८७मध्ये सत्यशोधक पूजाविधी मंगलाष्टकांसह छापला. त्यात वधू गप्प उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते आणि वराला ते हक्क देण्याचे वचन द्यावे लागते.

अँग्लिकन चर्चचा १६६२चा प्रार्थनाग्रंथ त्याच काळी सर्वत्र चालू होता. त्यातील विवाहविधीत वर प्रेम, आधार आणि निष्ठेचे वचन देतो. वधूही ते सारे देते, आणि शिवाय एक अधिक: नवऱ्याची आज्ञा पाळण्याचे. एकाच जुन्नर तालुक्यात, एकाच दशकात, लग्नात वधूच्या तोंडी येणारे हे दोन वेगळे शब्द होते. चर्चच्या वेदीसमोर ती आज्ञापालन कबूल करत होती, ओतूरच्या मांडवात ती हक्क मागत होती. आणि पलीकडच्या वाडीवर एखादी तिसरी बाई, कुठलीही शपथ न घेता, पंचांसमोर काडी मोडत होती.