ग्वादलूपच्या काठी दोन रात्री

नदीकाठी राहुटी ठोकावी, दिवसभर रानवाटा तुडवाव्यात आणि रात्री पाण्याचा खळखळाट ऐकत झोपी जावे, अशी हौस बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला असतेच. अमेरिकेतील टेक्सस राज्यात ही हौस पुरविण्याची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. तेथील राज्य उद्याने म्हणजे शहरातल्या बागा नव्हेत. डोंगर, नदी आणि रान शक्य तितके मूळ रूपात राखावयाचे आणि माणसासाठी पायवाटा, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे व मुक्कामाच्या आखलेल्या जागा एवढ्याच सोयी करावयाच्या, असे त्यांचे धोरण आहे. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या टेक्ससमधील शहरांत आज भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मुलाकडे किंवा लेकीकडे चार महिने राहावयास जाणारे आईवडीलही पुष्कळ आहेत. अशा कुटुंबाला दोन रात्रींच्या सहलीसाठी ग्वादलूप नदीवरील राज्य उद्यान हे उत्तम ठिकाण होय. मात्र या सहलीची आखणी सामानाच्या यादीपासून सुरू करू नये. ती नदीपासून सुरू करावी.

ग्वादलूपचा उगम मध्य टेक्ससच्या डोंगराळ मुलखात, कर परगण्यात होतो. इ. स. १६८९ मध्ये आलोन्सो दे लेओन या स्पॅनिश संशोधकाने तिला हे नाव दिले. तेथून ती पूर्वेकडे व आग्नेयेकडे वाहत मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. सॅन अँटोनिओ शहराच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर, म्हणजे पन्नासएक किलोमीटरवर, तिच्या काठी हे उद्यान आहे. ते १९८३ साली लोकांसाठी खुले झाले. सुमारे एकोणीसशे एकरांच्या या उद्यानाला चार मैलांचा नदीकाठ लाभला आहे. एका तीरावर चुनखडीचे उभे कडे आणि काठाला सायप्रसचे उंच वृक्ष, असे तिचे येथील रूप आहे. हा सायप्रस सूचिपर्णी वर्गातला असूनही हिवाळ्यात पाने गाळतो, म्हणून तेथील लोक त्याला ‘टकला सायप्रस’ म्हणतात. त्याची जाडजूड मुळे काठाची माती घट्ट धरून ठेवतात आणि मुलांना बसावयास ओट्यासारखी उपयोगी पडतात.

अशी ही शांत, हिरवट पाण्याची नदी. परंतु तिचा आणखी एक स्वभाव आहे. या डोंगराळ भागात चुनखडीच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. आखातावरून येणारी दमट हवा येथे चढावर आदळते आणि कधी कधी काही तासांतच अतोनात पाऊस कोसळतो. ते पाणी मुरत नाही. उतारांवरून थेट ओढ्यांत व ओढ्यांतून नदीत येते. १७ जुलै १९८७ रोजी कम्फर्ट गावाजवळ शिबिराहून परतणाऱ्या मुलांची गाडी पुरात सापडली आणि दहा मुले बुडाली. ४ जुलै २०२५ च्या पहाटे तर कर परगण्यात याहून मोठा अनर्थ झाला. सुमारे पाऊण तासात नदी २६ फूट चढली, असे राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्या दिवशी सांगितले. एकट्या त्या परगण्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नदीकाठच्या उन्हाळी शिबिरात आलेल्या लहान मुलीही त्यांत होत्या. हवामान खात्याचा पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. पण त्या वेळी गाव झोपेत होते आणि पुष्कळांना तो वेळेवर कळला नाही.

ही ठिकाणे उद्यानाच्या वरच्या बाजूस आहेत. म्हणूनच आपल्या माथ्यावर चांदणे पडले आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. पाऊस वर पडतो आणि पाणी खाली येते. तेव्हा निघण्याच्या दोन दिवस आधीपासून केवळ उद्यानाचे नव्हे, तर करव्हिल व कम्फर्ट या वरच्या गावांचेही हवामान पाहावे. कम्फर्टला नदीची पातळी मोजण्याचे सरकारी केंद्र आहे व त्याचे आकडे कोणासही पाहता येतात. पुराची शक्यता वर्तविली असेल, तर सहल पुढे ढकलावी. आगाऊ भरलेल्या पैशांकडे पाहू नये. मुक्कामी पोहोचल्यावर राहुटी ठोकण्यापूर्वी घरातील सर्वांनी उंच जागेकडे जाणारी वाट एकदा पायी चालून पाहावी, कारण रात्रीच्या अंधारात तीच शोधावयाची असते. मोबाइलचा संकेत दऱ्याखोऱ्यांत नेहमी मिळेलच असे नाही. म्हणून हवामानाचे इशारे देणारा, बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ जवळ असावा व तो रात्री चालू ठेवावा. पाणी गढूळ झाले, त्यावर काटक्या व पालापाचोळा वाहून येऊ लागला, की सामान सोडून वर जावे. वेगाने वाहणारे सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडते आणि फूटभर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. म्हणून रस्त्यावर पाणी आलेले दिसताच गाडी मागे फिरवावी.

एवढी दक्षता घेतली, की मग सहलीच्या आनंदाला मोकळे व्हावे. ऋतू निवडताना मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. उन्हाळ्यात ऊन असह्य होते. वसंतात रानफुले येतात, तर शरदात सायप्रसची पाने तांबूस होऊन नदीत पडतात. सुटीच्या दिवसांतील जागा फार लवकर भरतात, म्हणून काही महिने आधी नोंदणी करावी. काही जागांना वीज व पाणी दोन्ही आहेत, काहींना केवळ पाणी; काही ठिकाणी मात्र गाडी दूर ठेवून सामान हाती घेऊन जावे लागते. वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर पहिल्या प्रकारची जागा घ्यावी.

पहिल्या दिवशी नदीकाठची सोपी वाट चालावी, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून कड्यांचे दर्शन घडविणारी वाट धरावी. वाटेत जुनी अॅश जुनिपरची झाडे लागतील. सोनेरी गालांचा एक छोटा पक्षी याच झाडाच्या जुन्या सालीचे धागे ओढून घरटे विणतो. त्याची वीण मध्य टेक्सस सोडून जगात कोठेही होत नाही. १९९० साली तो संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मार्चमध्ये तो येथे येतो. त्या दिवसांत हळू बोलावे व दुर्बीण जवळ ठेवावी. उद्यानाला लागूनच हनी क्रीक हा राखीव टापू आहे. तेथे मात्र मार्गदर्शकावाचून हिंडण्यास परवानगी नाही.

सामान बेताचे असावे. माणशी भरपूर पाणी, ओल्या दगडावर न घसरणारे जोडे, टोपी, विजेरी, औषधांची पेटी आणि मुलांसाठी तरंगण्याची जाकिटे एवढे विसरू नये, कारण तेथे पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा जीवरक्षक नसतो. तीन पाने एकत्र असलेल्या वेलीस हात लावू नये. तिने अंगाला खाज सुटून फोड येतात. पहिल्या दिवसासाठी दशम्या, चटणी व मेतकूट घरूनच न्यावे. कोरड्या दिवसांत लाकडे पेटविण्यास बंदी असते, म्हणून चूल मांडण्यापूर्वी कचेरीत विचारावे. उरलेले अन्न गाडीत बंद करून ठेवावे. रात्री रॅकून नावाचा प्राणी येऊन डबे उघडण्यात मोठा पटाईत आहे.

ज्या वाचकांना टेक्ससला जाण्याचा योग येणार नाही, त्यांनाही या नदीपासून घेण्यासारखे आहे. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली. सह्याद्रीतील ओढा असो, हिमालयातील नदी असो की ग्वादलूप असो, डोंगरातल्या पाण्याची रीत एकच आहे. पुढील सुटीत नदीकाठी जावयाचे ठरेल, तेव्हा घरातील मुलांना नकाशा काढून द्यावा आणि ती नदी कोठून येते, तिला वर कोणकोणते ओढे मिळतात, हे त्यांनाच शोधावयास सांगावे. त्यात एक संध्याकाळ सहज आनंदात जाईल, आणि सहलीची निम्मी तयारीही होऊन जाईल.