आठवडा विकत मिळतो!

टेनिसमध्ये आठवडा विकत मिळतो! अहो, खरंच! स्टेडियम नाही, खेळाडू नाहीत, नुसता कॅलेंडरवरचा आठवडा! त्या आठवड्यात पुरुषांची एटीपी स्पर्धा भरवायचा हक्क ही चक्क मालमत्ता आहे, तिला मालक असतो, ती विकता येते आणि उचलून दुसऱ्या गावी नेता येते! मला टेनिसमधलं फारसं कळत नाही, धंद्यातलं तर त्याहून नाही, पण हे समजल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. आज तुम्ही सापडलात!

आपली बालेवाडीची महाराष्ट्र ओपन आठवते? ती 1996 मध्ये सुरू झाली ती दिल्लीत! आणि मग पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली, तिथे 2017 पर्यंत रमली, आणि मग 2018 मध्ये पुण्यात आली, आणि मग 2019 च्या फायनलला केव्हिन अँडरसन आणि एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच, दोघेही साडेसहा फुटांच्या वरचे, तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत घेऊन गेले, आणि मग 2023 ची स्पर्धा झाली आणि पुढच्या जानेवारीत त्याच आठवड्यात कॅलेंडरवर हाँगकाँग! मालकी आयएमजी कंपनीची होती, आपण फक्त यजमान. भाड्याच्या घरात थाटामाटाने लग्न लावावं तसं! मला विचाराल तर पुण्याने तो आठवडा हातचा जाऊ द्यायला नको होता.

बरं, या एटीपी टूरची ठिणगी कुठे पडली ठाऊक आहे? पार्किंगमध्ये! 1988, न्यूयॉर्क, यूएस ओपन. खेळाडूंच्या संघटनेला, म्हणजेच एटीपीला, पत्रकार परिषदेसाठी आत जागा मिळाली नाही, म्हणून गाड्या लावतात तिथे उभं राहून हॅमिल्टन जॉर्डन यांनी खेळाडूंचं म्हणणं मांडलं. आणि हे जॉर्डन कोण? राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ राहिलेले! आणि मग 1990 पासून टूर सुरू, संचालक मंडळावर जितके स्पर्धांचे प्रतिनिधी तितकेच खेळाडूंचे!

आणि टीव्ही! 1999 मध्ये आयएसएल नावाच्या स्विस कंपनीने मोठ्या मास्टर्स स्पर्धांच्या हक्कांसाठी 10 वर्षांचा 120 कोटी डॉलरचा करार केला, आणि मग 2001 मध्ये कंपनीचंच दिवाळं! एवढा मोठा आकडा, आणि फुस्स! आता या स्पर्धांचं प्रक्षेपण एटीपी मीडियामार्फत एकत्र विकलं जातं. पण चारही ग्रँड स्लॅम त्यात नाहीतच! प्रत्येकीचा सौदा वेगळा! विम्बल्डन बीबीसीने पहिल्यांदा 1937 मध्ये दाखवलं आणि अजून दाखवतेय! म्हणूनच सगळं टेनिस एका चॅनेलवर कधी सापडत नाही!

थांबा, अजून एक! उंच खुर्चीतले अंपायर प्रत्येक पॉइंटनंतर टॅबलेटवर बोट टेकवतात ना? तो गुण त्याच क्षणी जगभर जातो, आणि तोही विकला जातो! बेटिंग कंपन्यांना तो हवा असतो, आणि 2024 पासून एटीपीचा हा डेटा पुरवायचं काम स्पोर्टरडार कंपनीकडे आहे. म्हणजे आठवडा विकला, चित्र विकलं, आणि आता एकेक पॉइंट! पुढची मॅच लागली की चेंडू सोडा, त्या बोटाकडे बघा! आणि मग मला लगेच फोन करा!