हातातली सभा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांना निवडणूक पूर्वी कानांनी कळे. राजवाड्यापुढील सभेचा कर्णा, गल्लीतल्या घोषणा आणि ओसरीवर क्षणभर टेकणारा उमेदवार. १९८९ ते २०१४ अशा सलग आठ निवडणुका येथून जिंकणाऱ्या सुमित्रा महाजन आम्हांला ‘ताई’च; आणि ताई म्हटले की, नळाला पाणी का नाही, हे तोंडावर विचारण्याचा हक्कही ओघाने आलाच. आता सभा तळहातावर आली आहे. तिथे प्रश्न विचारायला समोर कोणी नसते.

२०२४ साली याचा प्रत्यय आला. २९ एप्रिलला काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी ऐनवेळी माघार घेतली. ते भाजपच्या वाटेवर असल्याचे कैलास विजयवर्गीय यांनी ‘एक्स’वर टाकलेल्या, मोटारीतील एका छायाचित्राने जाहीर झाले. पुढे काँग्रेसने ‘नोटा’चा प्रचार मांडला, भाजपने त्याला विरोध केला, आणि दोन्ही बाजू आमच्या भ्रमणध्वनीवर येऊन भांडू लागल्या. १३ मे रोजी मतदान झाले. शंकर लालवानी ११,७५,०९२ मताधिक्याने विजयी झाले. ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली. एवढा नकार देशात तोवर कोणत्याही मतदारसंघाने नोंदवला नव्हता.

त्या दिवसांत एकाच छपराखाली आम्ही तीन निवडणुका पाहिल्या. आजोबांना देवाच्या चित्राखाली पक्षचिन्ह येई, नातवाला अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, तर सुनेच्या भिशीच्या गटावर शुद्ध मराठीत आवाहन. मैदानावरचे आश्वासन सर्वांनी एकत्र ऐकलेले असे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा जाब मागता येई. येथे शेजाऱ्याला काय सांगितले, हेच ठाऊक नसते. उमेदवारांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करावीत, जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्यात, असे निवडणूक आयोगाने २०१३ सालीच बजावले आहे. परंतु मावसभावाने ‘पुढे पाठवलेला’ मजकूर कोणत्या वहीत नोंदवायचा?

माळव्यात आमची मराठी टिकली ती चारचौघांत बसून बोलल्याने. तिच्यातच कोणी मत मागू लागले, की मन सुखावते. पण भाषा आपली म्हणून मजकूरही आपला ठरत नाही. तेव्हा वाचकहो, असा संदेश आला की रात्रीच्या पंगतीत तो मोठ्याने वाचावा. कोणाला काय आले, ते ताडून पाहावे. जे चारचौघांत वाचवत नाही, त्यावर मत देऊ नये.